उताराचा निकाल

न्यायाधीश निकाल इंग्रजीत वाचत होते, आणि तोही खालच्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखा. राही मयेकर दुसऱ्या बाकावर डावा पाय पुढे पसरून बसली होती. गुडघा वाकत नसल्यामुळे तिला कुठेही तसंच बसावं लागे, आणि येणारा-जाणारा त्या पायाला अडखळला की माफी तीच मागे. कोर्टाच्या खिडकीतून फोफावलेल्या आंब्याचा मोहोर दिसत होता. त्याचा वास आत येत होता आणि त्यात शाईचा, जुन्या कागदांचा, समोर बसलेल्या कारकुनाच्या कोटाचा वास मिसळत होता. ती शब्द ऐकायचं सोडून देऊन साहेबांच्या बोटांकडे पाहत राहिली. बोटं पान उलटत, थांबत, परत उलटत. मग एका पानाशी तिचे वकील रिसबूड यांनी मान अर्धवट मागे वळवली आणि ओठ फारसे न हलवता सांगितलं, "राहीबाई, तुमचा दोष नाही म्हणतायत." एवढं बोलून त्यांनी मान पुन्हा पुढे केली.

राहीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण रडू. किंवा घाम फुटेल. तसं काहीच झालं नाही. तिला एकदम भूक लागली. सकाळी पेज घेतली होती, तीही अर्धी टाकून आली होती, ते आठवलं. भाकरी, तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण, कच्च्या कैरीची फोड असं एकेक डोळ्यांपुढे यायला लागलं, आणि अशा वेळी आपल्याला खाणं सुचावं याची तिला लाज वाटली. लगेच दुसरा विचार आला, की लाज कशाची? दोष नाही म्हणाले. तीन वर्षांत हे तीन शब्द तिला कोणी म्हटले नव्हते. लोक 'जाऊ दे' म्हणाले होते, 'व्हायचं ते झालं' म्हणाले होते, 'जीव वाचला हेच खूप' म्हणाले होते, पण या प्रत्येकाच्या खाली, भातशेतात पाण्याखाली चिखल असावा तसं, एकच होतं: चूक तुझीच. आणि लोकांचं काय घेऊन बसायचं, ती स्वतःच ते धरून बसली होती.

सायकल तिने स्वतःच्या पगारातून मागवली होती. नवरा मुंबईत विषमज्वराने गेल्यावर ती विशीच्या आत माहेरी मांडवीला परतली, सुईणीचं शिक्षण घेऊन आली आणि नगरपालिकेच्या सूतिकागृहात लागली. घरोघर जाऊन बाळंतपणं करायचं काम. गाव अर्धं खाली समुद्राकाठी आणि अर्धं वर माळावर, त्यामुळे पिशवी खांद्याला लावून दिवसातून दोनदा-तीनदा चढावं-उतरावं लागे. मग मुंबईच्या एका कंपनीची, मधला दांडा नसलेली, बायकांची काळी सायकल आगबोटीने आली. लाकडी पेटी बंदरावर उतरवून घ्यायला आप्पा, तिचे वडील, बरोबर आले होते. ते आयुष्यभर मचव्यावर तांडेल, खलाशांचे म्होरके होते. माल कसा उतरवायचा ते खलाशांना ओरडून सांगत राहिले. गावात बोलणं झालंच. विधवा बाईला सायकल कशाला हवी? दगडी गडग्यावर बसलेली माणसं ती दिसली की मुद्दाम घंटी वाजवल्याचा आवाज तोंडाने काढत. पण बाळंतिणीच्या घरी ती पूर्वीपेक्षा अर्ध्या वेळात पोचायला लागली आणि हळूहळू ते आवाज थांबले. सायकल सगळ्यांच्या सवयीची झाली. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात राही सायकलवरून पडली, तेव्हा जुनी बोलणी परत वर आली, जशी काही इतके दिवस तिची वाटच बघत होती.

त्या सकाळी ती माळावर हाजराच्या घरी होती. हाजराचा नवरा जहाजावर होता, पहिलं बाळंतपण, आणि मूल पायाळू. पाय आधी आले आणि मग बराच वेळ काहीच पुढे सरकेना. राहीच्या मनगटात कळा येत होत्या. हाजराची सासू दाराबाहेर पुटपुटत दुवा मागत होती. शेवटी मूल बाहेर आलं ते निळं, मऊ, भिजलेल्या फडक्यासारखं. राहीने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातलं बोटाने काढलं, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, परत चोळलं. घरात कोणी श्वास घेत नव्हतं. आणि मग ते रडलं. आधी खरवडल्यासारखा एक आवाज, नंतर संतापून, पूर्ण छातीने. सासूने आत येऊन राहीचे दोन्ही हात धरले आणि बस्र्याहून आलेला खजूर तिच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. ती सायकलवर निघाली तेव्हा दहा-साडेदहाचा सुमार असेल. ऊन अजून तापलं नव्हतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तोंडात खजुराची चव होती. माळनाक्याकडून खाली उतरणारा रस्ता लागला, दूरवर समुद्राची पांढरी रेघ दिसली, आणि राहीने पायडलवरून दोन्ही पाय उचलले. उचलले आणि पुढे ताठ लांब केले. लहानपणी झोपाळ्यावर करत असे तसे. वारा पदरात शिरला. ती हसत होती की गात होती ते तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं, की आपण एकतीस वर्षांच्या आहोत, विधवा आहोत, नगरपालिकेच्या नोकर आहोत, यातलं काहीही त्या क्षणी तिच्या अंगाला चिकटलेलं नव्हतं. मग सुपारी फुटावी तसा बारीक आवाज झाला. हातातलं हँडल एकदम हलकं झालं, पुढचं चाक तिच्यापासून सुटून स्वतःच्या वाटेने निघालं, आणि रस्ता वर आला.

हॉस्पिटलात सहा महिने. पहिल्यांदा पाय कापायचं चाललं होतं, मग तो वाचला पण गुडघा आखडला. आप्पा रोज डबा घेऊन येत, खाटेशी बसत, सायकलचं नाव काढत नसत. त्यांनी काढलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटे. शेजारच्या खाटांवरच्यांना भेटायला येणाऱ्या बायका कुजबुजत, की बाई फार जोरात हाणायची, निऱ्या चाकात अडकल्या असणार. राही डोळे मिटून पडून राही. निऱ्या अडकल्या नव्हत्या हे तिला ठाऊक होतं, पण जे ठाऊक होतं ते त्याहून वाईट होतं. ती पाय वर करून बसली होती. तिला आनंद झाला होता. आनंद झाला, आणि पुढच्याच घटकेला हे झालं. या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींना इतक्या घट्ट जोडल्या गेल्या, की पुढे कोणी घरात हसलं तरी तिचा हात आपोआप खाटेची कड धरू लागला. बरी होऊन कामावर गेली, तर नगरपालिकेच्या अध्यक्षांनी तिची पिशवी काढून घेतली होती. ज्या बाईला स्वतःला सांभाळता येत नाही तिच्या हाती बाळंतिणी कशा द्यायच्या, असं त्यांनी सभेत म्हटल्याचं कळलं. तिला जन्माच्या नोंदींच्या वहीपुढे बसवलं. इतरांनी केलेली बाळंतपणं ती सुवाच्य अक्षरात लिहू लागली. तिने तक्रार केली नाही. हे बरोबरच आहे असं तिला वाटत होतं.

दावा लावायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. ते आणलं गफूरने. गफूर हाजराचा भाऊ, बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होता. पडल्याच्या दिवशी मोडकी सायकल त्यानेच उचलून नेली होती. राही हॉस्पिटलात असतानाच एका दुपारी तो गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा होता, एका बाजूने तुटलेला. त्याने तो तिच्या चादरीवर ठेवला आणि तुटलेली कड उजेडाकडे केली. कडेचा थोडा भाग चकचकीत होता, ताज्या कापल्यासारखा. बाकीचा काळा. राहीने विचारलं, गंज का? तो म्हणाला, गंज नव्हे, रंग आहे. सायकलला वरून जो काळा रंग दिला तोच भेगेच्या आत गेलाय. म्हणजे रंग देतानाच भेग होती. कारखान्यातूनच तुटायला आलेला माल तो, वरून झाकून पाठवलेला. आतापर्यंत टिकला हेच नवल. राहीने ते लोखंड हातात घेतलं. ते थंड होतं, आणि तिला ते पटलं नाही. डोक्याला पटलं, पण त्याच्या खाली कुठे नाही. तरी रिसबूड वकिलांना भेटायला ती कुबड्यांवर गेली. कारण, भरपाई मिळेल असं गफूर म्हणत होता तेव्हा तिला मात्र वेगळंच हवं होतं: तिला कोणीतरी न्यायाच्या खुर्चीवर बसून, दोन्ही बाजू ऐकून, काय ते एकदा सांगायला हवं होतं. चूक असेल तर चूक. पण सांगून टाका.

कोर्टात कंपनीकडून मुंबईचे वकील आले ते आगबोटीने, दोन माणसं बरोबर घेऊन. गफूरला त्यांनी बराच वेळ आडवंतिडवं विचारलं. तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकलात, लोखंडाची परीक्षा कधी दिलीत. गफूर घाबरला नाही. तो म्हणाला, "साहेब, भेग पडल्यावर मागून कोण आत रंग भरायला जातो? भेग आधी, रंग मागून." मग राहीची पाळी आली. वकील तिच्याशी फार अदबीने बोलले. रस्ता उताराचा होता? होता. वेग होता? होता. ब्रेक दाबले होते? नाही, गरज पडली नव्हती. आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, की त्या वेळी बाईंचे पाय पायडलवर होते ना?

हे तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. रिसबूडांना नाही, आप्पांना नाही. रस्त्यावर त्या वेळी कोणी नव्हतं. 'होते' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. वकिलांचाही तो प्रश्न पुढच्या प्रश्नावर जायची नुसती पायरी असावा, कारण ते तोवर कागद चाळायला लागले होते. राहीने कठड्याला धरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. लाकूड कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. खोटं बोलून 'दोष नाही' ऐकलं, तर ते आपल्या कोणत्या उपयोगाचं, असं तिला स्वच्छ वाटलं.

"नव्हते," ती म्हणाली. "मी पाय उचलले होते."

मुंबईच्या वकिलांनी कागद खाली ठेवले. "का?"

"मला आनंद झाला होता."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. रिसबूडांनी टाक खाली ठेवला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. मुंबईचे वकील न्यायाधीशांकडे वळून उभे राहिले, आता बोलायचं काही उरलं नाही अशा थाटात. तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मराठीत विचारलं, "कसला आनंद, बाई?"

"मूल रडलं होतं, साहेब," राही म्हणाली. "आधी रडत नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवशी बाहेर पडल्यावर रिसबूड तिच्याबरोबर कोर्टाच्या फाटकापर्यंत चालत आले. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाले, की अशिलाने वकिलाला तरी आधी सांगावं. राही घरी गेली, आणि पुढचा महिनाभर तिने निकालाची वाटच पाहिली नाही. दावा बुडाला हे तिने धरूनच ठेवलं होतं. नवल एवढंच होतं, की त्या महिन्यात तिला झोप लागत होती.

आता निकाल वाचून साहेब उठून आत गेले होते. व्हरांड्यात रिसबूड तिला कागदावरून बोट फिरवत मराठी करून सांगायला लागले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण आजूबाजूला दुसरे वकील उभे होते. चिमट्यातली भेग रंगाच्या आधीची हे कोर्टाने मान्य केलं होतं. चिमटा सपाट रस्त्यावरही आज ना उद्या मोडलाच असता, असं म्हटलं होतं. कंपनीने नुकसानभरपाई द्यायची होती. रिसबूडांनी पान उलटलं. बाईंच्या साक्षीबद्दल इथे आहे, म्हणाले, नीट ऐका. जी गोष्ट दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हती आणि जी स्वतःच्याच विरुद्ध जाणार होती ती या साक्षीदाराने आपण होऊन सांगितली, तेव्हा तिचं बाकीचं म्हणणंही मी खरं धरतो. सायकल ही उतारावरून जाण्यासाठीही असते. उतारावर पायडल सोडून बसणारे स्वार असतात हे बनवणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. रिसबूड थांबले, चष्मा पुसला. "आणि पुढे साहेब लिहितात, वादी त्या वेळी आनंदात होती यावर प्रतिवादींनी बराच भर दिला, परंतु स्वाराच्या आनंदाने लोखंडाला भेग पडत नाही."

राहीने ते वाक्य त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मग इंग्रजीत वाचायला लावलं. तिला ते इंग्रजीतही ऐकायचं होतं, जसं होतं तसं. मग तिने नमस्कार केला. बरोबर माणूस देतो म्हणाले, त्याला नको म्हणून ती एकटीच निघाली. जिना उतरताना तिने नेहमीप्रमाणे डावा पाय आधी खाली टाकला आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाय तोच होता, तितकाच आखडलेला, तितकाच दुखणारा. पण इतके दिवस तो पाय म्हणजे पुरावा होता. चालताना प्रत्येक पावलाला तो गावाला काहीतरी सांगत जायचा, आणि तीही त्याच्या मागून मान खाली घालून ऐकत जायची. आता तो नुसता मोडलेला पाय होता. मोडून जुळलेला, एवढंच. ती रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली थांबली. घाबरल्यासारखं झालं. इतकी वर्षं मनात जे धरून उभं राहायचं, तेच काढून घेतलं, तर धरायचं काय? काहीच नव्हतं धरायला. दुपारचं ऊन पानांतून खाली पडत होतं, मोहोराची बारीक फुलं खांद्यावर पडत होती, कोणीतरी म्हशी घेऊन चाललं होतं, आणि तिच्या छातीत जे भरून येत होतं त्याला कशाचाच टेकू नव्हता. ते आनंदासारखंच होतं. खाटेची कड शोधायला हात हलला, आणि जागेवरच राहिला. काही झालं नाही. म्हशी गेल्या. झाड उभं राहिलं, ती उभी राहिली. ती एकटीच हसली, मग पुन्हा हसली, आणि म्हशींच्या मागून चाललेल्या बाईने वळून बघितलं तरी थांबली नाही.

घरी जायचं सोडून ती आधी सूतिकागृहात गेली. मुख्य परिचारिका गोदूबाई दारातच उभ्या होत्या. कोर्टातून बातमी तिच्याआधी पोचली होती. राहीने वाटेत वाक्य जुळवलं होतं, अध्यक्षांना अर्ज कसा लिहायचा, निकालाची नक्कल कशी जोडायची. गोदूबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. त्या आत गेल्या, कपाट उघडलं, आणि राहीची कातडी पिशवी तिच्यापुढे टेबलावर ठेवली. कातडं कोणीतरी तेल लावून मऊ ठेवलेलं होतं. राहीने त्यांच्याकडे पाहिलं. गोदूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, की अर्ज सोमवारी लिही, राजिवड्याला एका बाईचे दिवस भरत आलेत, तिला तूच हवीस, ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आणि टांगा नगरपालिका देईल, ते माझं मी बघते. राहीने पिशवी उघडली. कात्री, नाळ बांधायचा दोरा, साबणाची डबी, सगळं आपापल्या जागी होतं. वास तोच होता. ती तिने खांद्याला लावली, आणि शरीर आपोआप एका बाजूला थोडं कललं, पूर्वीसारखं.

मांडवीला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आप्पा पडवीत बसून जुन्या जाळ्याची भोकं सांधत होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि त्यामुळे घरात बोलणं आधीपेक्षाही कमी झालं होतं. शेजारच्या घरापुढच्या खळ्यात गंगुबाई वाळत घातलेले बोंबील गोळा करत होती. पलीकडच्या घरात चार बायका ओटीवर बसल्या होत्या. तिला येताना पाहून सगळ्यांचे हात थोडे मंद झाले. राही पायरीवर पाय पसरून बसली, पिशवी शेजारी ठेवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, की आप्पा, निकाल लागला, माझी चूक नव्हती.

आप्पांनी कानाशी हात नेला. "काय म्हन्लंस?"

तिने थोडं मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नाय आयकाय आलं. वारा हाय. मोठ्यान् सांग."

वारा मुळीच नव्हता. पण राहीच्या ते त्या वेळी ध्यानात आलं नाही. तिने पायरीचा कठडा धरला, उठून उभी राहिली आणि छाती भरून ओरडली, "माझी चूक नव्हती, आप्पा. कोर्टाने सांगितलं. सायकलच मुळात मोडकी दिली होती. माझी चूक नव्हती!" आवाज मांडवीच्या वाळूपर्यंत गेला असावा. तिला स्वतःलाच तो अनोळखी वाटला, आणि आवडलाही. गंगुबाईच्या हातातले बोंबील टोपलीत पडले. ओटीवरच्या बायका उठून गडग्यापाशी आल्या, एकीने विचारलं, दुसरीने विचारलं, आणि राहीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं: भेग, रंग, गफूर, साहेब. लोखंडाबद्दलचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. गंगुबाई, जी हॉस्पिटलात निऱ्यांबद्दल बोलली होती, ती घरात जाऊन ताटलीत सोलकढीची वाटी आणि गरम भाकऱ्या घेऊन आली आणि पायरीवर ठेवून गेली.

सगळ्या पांगल्यावर आप्पांनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांचे हात भराभर चालत होते. राही भाकरीचा तुकडा मोडत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते हसत नव्हते, पण मिशीखाली काहीतरी आवरून धरलेलं होतं. तिने मान दुसरीकडे वळवली आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत विचारलं, "आप्पा, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ऐकू आलं होतं ना तुम्हांला?"

"आलं हुतं," जाळ्यावरची नजर न काढता आप्पा म्हणाले. "गंगूला नव्हतं आलं."